स्वयंसेवकाचेही शिक्षण

१९१९ सालच्या सप्टेंबर आणि ऑक्टोबर या लागोपाठच्या दोन महिन्यांत, परस्परांची वार्ताही नसलेल्या दोन घटना घडल्या. ८ सप्टेंबर रोजी लंडनजवळच्या गिलवेल पार्क येथे स्काऊट चळवळीतील प्रौढ नायकांचा पहिला प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. त्यानंतर चार आठवडेही पुरते उलटले नव्हते, तोच ४ ऑक्टोबर रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी भाऊराव पायगौंडा पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पहिल्या घटनेमागे लॉर्ड बेडन-पॉवेल हे निवृत्त ब्रिटिश सेनापती होते. दुसरीमागे होता किर्लोस्करांचे नांगर घेऊन खेडोपाडी हिंडलेला, मूळ ऐतवडे बुद्रुक येथील जैन शेतकरी घराण्यातला एक तरुण. दोघांच्या वाटा, परिस्थिती आणि हेतू यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. तरीही पुढील काळात दोघांनाही एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागले आणि तो प्रश्न आजही सुटलेला नाही. मुलांना घडविण्यासाठी जो पुढे येतो, त्याला स्वतःला कोणी घडवावयाचे?

समाजकार्यात स्वयंसेवकांची उणीव सहसा भासत नाही. सुट्टीतील संस्कार शिबिर असो, मंदिरातील पाठशाळा असो, शाळेतील स्काऊट पथक असो की उत्सवातील व्यवस्था असो, ‘मी आहे’ असे म्हणणारे हात वर येतात. हे आपल्या समाजाचे वैभव आहे. मात्र हात वर आला की काम झाले, असे समजण्याची एक सवय त्या वैभवाबरोबर आपल्याला जडली आहे. विहीर खणणारा अनुभवी असावा, मूर्ती घडविणारा गुरूपाशी शिकलेला असावा, पंगतीचा स्वयंपाक करणारा आचारी हात बसलेला असावा, असा आपला आग्रह असतो. चाळीस मुलांना घेऊन डोंगर चढणाऱ्या तरुणाविषयी मात्र ‘मुलगा गुणी आहे’ एवढे पुरेसे ठरते. गुण आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे विसरले जाते.

गिलवेलचा धडा

स्काऊट चळवळीचा जन्मच मुळी एका शिबिरात झाला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांना घेऊन आठवडाभराचा एक प्रयोग केला. त्यांत श्रीमंतांची मुले होती, तशी कामकरी वर्गातलीही होती. त्यांच्या लहान टोळ्या पाडून प्रत्येक टोळीला एक नायक दिला आणि जबाबदारी मुलांवरच टाकली. पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा कोणी सांगण्याची वाट न पाहता गावोगावच्या मुलांनी आपापल्या टोळ्या उभारल्या. मुले तयार होती, उत्साह उदंड होता. उणीव होती ती त्यांच्यासोबत उभे राहू शकणाऱ्या जाणत्या माणसांची. जी माणसे मिळाली ती सद्भावनेची होती. पण काहींना स्काऊटिंग म्हणजे कवायत वाटे, काहींना वर्गाबाहेर भरलेली शाळा वाटे. पहिल्या महायुद्धात अनेक नायक आघाडीवर गेले आणि त्यांतील कित्येक परतलेच नाहीत. अशा वेळी एका दात्याच्या देणगीतून गिलवेलची जागा मिळाली आणि तेथे पहिला वर्ग भरला.

त्या वर्गात १९ जण होते. त्यांना बाकांवर बसवून व्याख्याने ऐकविली असती, तर त्या वर्गाचे नाव आज कोणी घेतले नसते. त्या प्रौढांना मुलांप्रमाणेच टोळ्यांत विभागण्यात आले. त्यांनी तंबू ठोकले, चूल पेटविली, स्वतःचे अन्न शिजविले, आळीपाळीने नायक होऊन सहकाऱ्यांना आज्ञा दिली आणि पुढच्या पाळीत दुसऱ्याची आज्ञा पाळली. ओल्या लाकडाशी झगडताना मुलाची काय अवस्था होते, हे पुस्तक वाचून कळत नाही. डोळ्यांत धूर गेल्यावरच ते उमगते. ज्याला हा अनुभव नाही तो नायक मुलाच्या हातून काम काढून घेतो आणि ‘सर, मी करून दाखवतो’ हे मुलाचे वाक्य अर्ध्यावरच राहते.

हा वर्ग यशस्वीपणे पुरा करणाऱ्यांना दोन लाकडी मण्यांचे मानचिन्ह देण्याची प्रथा तेथूनच सुरू झाली. ‘वुड बॅज’ या नावाने ती जगभर पसरली आणि भारतात ‘हिमालय वुड बॅज’ या नावाने चालू आहे. दोन मणी ही काही मोठी संपत्ती नव्हे. ज्याने मुलाच्या जागी बसून पाहिले आहे, त्यालाच मुलांपुढे उभे राहण्याचा अधिकार आहे, एवढेच ते मणी सांगतात.

भारतात ही चळवळ १९०९ च्या सुमारास आली. पण आरंभी तिची दारे भारतीय मुलांना बंद होती. त्याला उत्तर म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी उत्तर भारतात स्वतंत्र भारतीय संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर हे प्रवाह एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था स्थापन झाली व पुढच्या वर्षी मुलींची संघटनाही तिच्यात विलीन झाली. या संस्थेत प्रौढांच्या प्रशिक्षणाची पायऱ्या-पायऱ्यांची रचना आहे. ओळखीचा वर्ग, मग प्राथमिक निवासी वर्ग, त्यानंतर काही काळ प्रत्यक्ष पथक चालविण्याचा अनुभव, मग प्रगत वर्ग आणि शेवटी हिमालय वुड बॅज अशी ती वाट आहे. मध्य प्रदेशातील पचमढी येथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. या रचनेतील एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. दोन वर्गांच्या मध्ये कामाचा अनुभव सक्तीचा ठेवला आहे. शिकायचे, करून पाहायचे, चुकायचे आणि त्या चुका घेऊन पुन्हा शिकायला यायचे, असा तो क्रम आहे.

साताऱ्याचा धडा

आता साताऱ्याकडे वळू. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून ते शिकले. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. तेथे मुले एकत्र राहत, एकत्र रांधीत आणि एका पंगतीत जेवीत. शेतातली व वसतिगृहातली कामे तीच करीत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, ही कथा सातारा-सांगलीच्या घराघरांत सांगितली जाते आणि ती सांगितली जावी अशीच आहे.

परंतु कर्मवीरांच्या कार्यातील एक बाजू त्या मानाने कमी सांगितली जाते. त्यांनी त्यागाबरोबर तयारीचाही आग्रह धरला. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्या वर्षी साताऱ्यात उभे राहिले ते शिक्षक तयार करणारे विद्यालय. सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज हे त्याचे नाव; पुढे ते महात्मा फुले अध्यापक विद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. साताऱ्यातील महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० मध्ये आले आणि छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ मध्ये. म्हणजे मुलांच्या हायस्कुलाच्याही आधी कर्मवीरांनी शिक्षकांचे विद्यालय काढले. हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

त्याचे महत्त्व तीन वर्षांतच दिसून आले. १९३७ मध्ये प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथे खासगी प्रयत्नाने ‘व्हॉलंटरी’ शाळा काढण्यास उत्तेजन मिळाले. १९३८ पासून रयत शिक्षण संस्थेने त्या काळच्या सातारा जिल्ह्यात अशा शेकडो शाळा उभ्या केल्या. तेव्हा आजचा सांगली जिल्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे वाळवा, खानापूर, तासगाव या भागांतील अनेक वाड्या-वस्त्यांनाही या लाटेचा लाभ झाला. देवळाच्या ओवरीत, चावडीत, झाडाखाली शाळा भरू लागल्या. इमारत नसली तरी चालेल, पण शिक्षक तयारीचा हवा, या धोरणाचेच ते फळ होते. शिक्षक घडविण्याची सोय आधी झाली नसती, तर इतक्या शाळांना माणसे कोठून मिळाली असती?

या विद्यालयातून बाहेर पडणारा तरुण शहरी चाकोरीतला मास्तर नसावा, अशी कर्मवीरांची दृष्टी होती. त्याने खेड्यात राहावे, हाताने काम करावे आणि गावकऱ्यांचा विश्वास संपादन करावा, हे त्यांना अभिप्रेत होते. स्वावलंबन त्याने शिकवायचे तर ते त्याच्या अंगी आधी मुरले पाहिजे. टोळीत राहून चूल पेटविणारे गिलवेलचे प्रौढ आणि श्रम करीत शिकणारे साताऱ्याचे भावी गुरुजी यांच्यात म्हणून नाते आहे. दोन्हीकडे प्रशिक्षण म्हणजे माहिती भरणे नव्हते. जे पुढे मुलांकडून करून घ्यावयाचे ते आधी स्वतः करून पाहणे होते.

नदीकाठचा अनुभव

सांगली जिल्ह्याला हा विषय आणखी एका वाटेने शिकावा लागला आणि ती वाट दुःखाची होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा आणि वारणा या नद्यांनी गावेच्या गावे वेढली. शेजारधर्म काय असतो, ते त्या दिवसांत लोकांनी दाखवून दिले. तरुणांनी छातीएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर आणले. शाळा, मंगल कार्यालये आणि मंदिरांच्या धर्मशाळा पूरग्रस्तांसाठी उघडल्या गेल्या. याच दिवसांत, ८ ऑगस्ट रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी एक बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुले होती. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती, असे त्या वेळी सांगितले गेले.

त्या प्रसंगी कोणाच्या सद्भावनेला बोट लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. पाणी चढत असताना समोर हात पसरून उभ्या असलेल्या आईला ‘पुढच्या फेरीला या’ असे सांगणे मायाळू माणसाला जमत नाही. ते बळ केवळ मायेतून येत नाही; त्यामागे सराव आणि पूर्वतयारी लागते. किती माणसे घ्यायची हे आधी ठरलेले असावे, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे, आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार एकाच्या हाती असून तो इतरांनी मान्य केलेला असावा. नदीकाठच्या प्रत्येक गावाने हे पावसाळ्यापूर्वी शिकावे. मुलांचे नेतृत्व करणाऱ्यांना तर हा धडा बारा महिने लागू आहे, कारण मूल धोका ओळखत नाही आणि नायकावर डोळे मिटून विसंबते.

प्रशिक्षणात नेमके काय असते?

प्रशिक्षणाचा विषय निघाला की कित्येकांच्या डोळ्यांपुढे कवायत, शिट्टी आणि गाठी मारण्याचा दोर येतो. हे सारे आहेच. पण ते वरवरचे. मुलांच्या नायकाने खरोखर शिकायच्या गोष्टी चार आहेत.

पहिली गोष्ट जीवरक्षणाची. सातारा-सांगलीच्या शिबिरांत मुले अजिंक्यताऱ्यावर चढतात, दंडोबाच्या डोंगरावर जातात, सागरेश्वरच्या रानात फिरतात, कृष्णेच्या घाटावर उतरतात. निघताना, वाटेत आणि परतताना मुलांची मोजणी करणे ही साधी सवय आहे. पण ती नसेल तर एखादे मूल मागे राहिल्याचे मुक्कामी पोहोचल्यावर कळते. सर्पदंश झाला तर जखम कापू नये, विष चोखू नये, दोरीने अवयव करकचून आवळू नये. मुलाला धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता विनाविलंब रुग्णालयात न्यावे. चुलीपाशी भाजल्यास हळद किंवा टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. कोणी बुडत असेल तर पोहता येते म्हणून एकदम उडी घेऊ नये. आधी दोर, काठी किंवा तरंगणारी वस्तू फेकावी. श्वास थांबला असेल तर छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाब द्यावा. ही वाक्ये वाचायला दोन मिनिटे लागतात. परंतु प्रसंग आला की डोके सुन्न होते आणि तेव्हा हात तेवढेच करतात, जेवढे त्यांनी पूर्वी करून पाहिलेले असते. म्हणूनच पुतळ्यावर दाब देण्याचा सराव दरवर्षी करावा लागतो.

दुसरी गोष्ट मुलांना जबाबदारी देण्याची. सहा ते आठ मुलांची एक टोळी, तिचा नायक मुलांतलाच, आणि टोळीची कामे टोळीनेच ठरवायची, हा स्काऊटिंगचा कणा आहे. अप्रशिक्षित प्रौढाला हे सर्वांत अवघड जाते. त्याला वाटते, आपण सांगितले तर काम लवकर होईल. होते खरे, पण शिबिराचा उद्देश भात लवकर शिजविणे हा नसतोच. तो भात करपला तरी त्या टोळीने एकमेकांवर दोष न ढकलता दुसऱ्यांदा चूल पेटविली, तर शिबिर सार्थकी लागले. हात मागे घेऊन उभे राहणे, पण डोळा न काढणे, ही कला अंगी यायला मार्गदर्शन लागते.

तिसरी गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची आणि ती बोलायला संकोच वाटतो म्हणून अधिकच महत्त्वाची. कोणत्याही मुलाबरोबर एकच प्रौढ एकांतात असू नये, मुलींच्या शिबिरात स्त्री-नायिका असलीच पाहिजे, निवासाची व्यवस्था स्वतंत्र असावी, शिक्षा म्हणून उपाशी ठेवणे वा हात उगारणे वर्ज्य असावे, हे नियम लेखी असले पाहिजेत. जागतिक स्काऊट संघटनेने मुलांना अपायापासून दूर ठेवण्याचे स्वतंत्र धोरणच केले आहे. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविणे हा त्या कायद्यानुसार गुन्हा ठरतो. ‘आपल्यात असे होत नाही’ या विश्वासावर सारे सोडून देणे म्हणजे मुलांना उघड्यावर ठेवणे होय. नियम असले की निर्मळ मनाच्या नायकाचेही रक्षण होते.

चौथी गोष्ट मूल ओळखण्याची. एक मूल गप्प असते, ते शिस्तीचे म्हणून की घरी काही बिघडले आहे म्हणून? एक मूल दंगा करते, ते उनाड म्हणून की त्याला फळ्यावरचे दिसत नाही म्हणून? प्रत्येकाची प्रकृती, औषधे, पथ्य, घरचे आचार नायकाला ठाऊक हवेत. जैन कुटुंबातील मूल सूर्यास्तापूर्वी जेवणारे असेल, कंदमुळे वर्ज्य करणारे असेल, तर त्याची कुचेष्टा होणार नाही आणि ते उपाशीही झोपणार नाही, याची काळजी सर्वधर्मीय शिबिराच्या नायकाने घेतली पाहिजे. त्याचप्रमाणे आपल्या शिबिरात आलेल्या अन्य समाजाच्या मुलाला परके वाटणार नाही, ही जबाबदारी आपल्या नायकाची. प्राणिमात्रांशी मैत्री हा स्काऊटच्या नियमांतीलच एक नियम आहे. त्या मैत्रीचा आरंभ शेजारी झोपलेल्या मुलापासून व्हावा.

आक्षेप आणि अडचणी

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. ‘बिचारा आपला वेळ देतो, पदरचे चार पैसे खर्च करतो, त्याच्यावर आणखी वर्ग आणि परीक्षा लादल्या तर उद्या कोण येईल?’ यात तथ्य आहे. कोणी फुकट श्रम करीत असताना त्याच्याकडे अटींची यादी फेकणे उद्धटपणाचे ठरेल. परंतु अनुभव वेगळे सांगतो. जे स्वयंसेवक एक-दोन वर्षांत गळतात, ते कामाच्या ओझ्यापेक्षा गोंधळाला कंटाळून गळतात. मुले ऐकत नाहीत, पालक तक्रार करतात, काय करावे ते सुचत नाही आणि विचारायला कोणी नसते. ज्याला मार्ग दाखविलेला असतो आणि सोबती मिळालेले असतात, तो टिकतो. प्रशिक्षणवर्गात कौशल्याइतकीच मोलाची गोष्ट मिळते, ती म्हणजे अडचणीच्या वेळी निःसंकोच फोन करता येईल अशी आठ-दहा माणसे.

दुसरी अडचण शाळांतील आहे. आपल्याकडील बहुतेक स्काऊट-गाईड पथके शाळांशी जोडलेली आहेत आणि त्यांचे नायक शिक्षकच असतात. शाळेला पथक हवे म्हणून एखाद्या शिक्षकाच्या नावापुढे ते काम लिहिले जाते आणि मग स्वयंसेवा ही नेमणूक होऊन बसते. असा शिक्षक प्रजासत्ताक दिनाच्या संचलनापुरता गणवेश चढवितो. दोष सर्वस्वी त्याचा नसतो. वर्ग, परीक्षा, सर्वेक्षणे आणि कागदपत्रे यांतून त्याला उसंत मिळत नाही. पण त्याचे परिणाम मुलांना भोगावे लागतात. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी जी वाट मुलासाठी आखलेली आहे, तिच्यावर मूल किती पुढे जाईल हे त्याच्या हुशारीपेक्षा त्याच्या नायकाच्या तयारीवर ठरते. नायक पहिल्या पायरीवर थांबला, की त्याच्यामागचे सारे पथक तेथेच थांबते.

तिसरी अडचण स्त्रियांची. गाईड कॅप्टन होऊ इच्छिणाऱ्या शिक्षिकेला किंवा पाठशाळा चालविणाऱ्या भगिनीला आठवडाभराच्या निवासी वर्गाला जायचे असेल, तर घरातील स्वयंपाक, सासूबाईंची औषधे आणि मुलांची शाळा हे प्रश्न आधी उभे राहतात. पती अशा वर्गाला गेला तर कौतुक होते. पत्नीला मात्र परवानगी मागावी लागते. मुलींना धीट करावे असे वाटणाऱ्या समाजाने त्यांच्या नायिकेला सात दिवसांची मोकळीक देणे ही पहिली पायरी मानली पाहिजे.

करता येण्याजोगे काही

या विषयात मोठ्या योजनांची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावी किंवा पेठेत दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिर भरत असेल, तर त्याच्या महिनाभर आधी स्वयंसेवकांसाठी दोन दिवसांचा निवासी वर्ग ठेवता येईल. त्यातील अर्धा दिवस गावच्या डॉक्टरांकडून प्रथमोपचाराचा प्रत्यक्ष सराव, अर्धा दिवस अनुभवी स्काऊट-गाईड प्रशिक्षकाकडून टोळी-पद्धतीचा अनुभव, थोडा वेळ कायद्याची व सुरक्षिततेची माहिती आणि उरलेला वेळ स्वयंसेवकांनी स्वतः शिबिरार्थी म्हणून राहण्यासाठी द्यावा. नदीकाठच्या गावांनी पावसाळ्यापूर्वी जलसुरक्षेचा एक दिवस त्यात मिळवावा. शिबिर संपल्यावर तासभर बसून काय जमले, काय फसले याची नोंद वहीत करावी आणि पुढील वर्षी तीच वही पुढ्यात घेऊन आरंभ करावा.

खर्चाचाही विचार व्हावा. शिबिराच्या अंदाजपत्रकात मंडप, भोजन, टोप्या आणि प्रमाणपत्रे यांना जागा असते. स्वयंसेवकांच्या तयारीला सहसा नसते. देणगीदारांना मंडपावर नाव दिसते, प्रशिक्षणावर दिसत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे. एखाद्या दात्याने ‘माझी देणगी नायकांच्या प्रशिक्षणाला वापरा’ असे म्हटले, तर ते दान डोळ्यांना दिसणार नाही, पण शेकडो मुलांच्या अंगी लागेल. गिलवेलची जमीन अशाच एका दात्याने दिली होती. साताऱ्याच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, तेव्हा त्यावर नाव कोरण्याचा प्रश्न त्यांच्या मनात नव्हता.

आणि पालकांनी काय करावे? मुलाला शिबिराला पाठविताना शुल्क किती आणि परत केव्हा येणार, हे आपण विचारतो. त्यांत आणखी तीन प्रश्नांची भर घालावी. मुलांसोबत जाणाऱ्यांपैकी प्रथमोपचार कोण शिकले आहे? किती मुलांमागे किती प्रौढ आहेत आणि त्यांत स्त्रिया किती? काही अडचण आली तर मुलाने कोणाला सांगायचे, हे मुलाला सांगितले आहे का? हे प्रश्न अविश्वासाने नव्हे, आपुलकीने विचारावेत. ज्याची तयारी झालेली असेल, तो आनंदाने उत्तर देईल. ज्याची झालेली नसेल, त्याला तयारीची आठवण होईल. असे प्रश्न दरवर्षी विचारले जाऊ लागले, की प्रशिक्षणाची व्यवस्था मागणीपोटी आपोआप उभी राहू लागेल.